ठेवीदाराचे अभयपत्र



गिरीजच्या हिराडोंगरीपासून वसईचा कोट फार दूर नाही. चिमाजीअप्पांच्या फौजेने 1739 साली तो कोट फिरंग्यांकडून घेतला, ही कथा येथील शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. परंतु त्याच वसईत त्रेसष्ट वर्षांनी, 31 डिसेंबर 1802 रोजी, जो एक कागद झाला त्याची आठवण आपण सहसा काढीत नाही. कारण ती अभिमानाची नाही. आज आम्ही आरंभ त्या कागदापासून करणार आहोत. विषय मात्र राजेरजवाड्यांचा नाही. विषय आहे तुमच्याआमच्या ठेवीचा आणि ती सुरक्षित आहे असे जे आपल्याला सांगण्यात येते त्याचा.

25 ऑक्टोबर 1802 रोजी पुण्याजवळ हडपसर येथे यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. दुसरे बाजीराव पुणे सोडून कोकणात उतरले आणि डिसेंबरात इंग्रजांच्या जहाजातून वसईस आले. माणूस भ्यालेला होता; त्याला संरक्षण हवे होते; आणि संरक्षण विकणारा दारातच उभा होता. तह झाला. इंग्रज कंपनीने 6,000 पायदळ आणि त्याजोगा तोफखाना पेशव्यांसाठी कायम ठेवावा, त्याच्या खर्चासाठी पेशव्यांनी 26 लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यावा, इंग्रजांस विचारल्यावाचून परक्या दरबाराशी बोलणे करू नये, निजाम व गायकवाड यांच्याशी असलेले तंटे इंग्रजांच्या निवाड्याने मिटवावे, अशी त्याची मुख्य कलमे.

हा करार खोटा होता काय? मुळीच नाही. कबूल केलेली फौज आली. 1803 च्या मे महिन्यात बाजीराव पुन्हा पुण्यास गादीवर बसले. होळकरांपासून संरक्षण हवे होते, ते मिळाले. परंतु ती फौज कोणाच्या हुकमाने चालेल, आणि उद्या संरक्षण देणाऱ्यापासूनच संरक्षण लागले तर ते कोण देईल, हे प्रश्न कोणी विचारले नाहीत. 1818 च्या जूनमध्ये तेच बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाले आणि वर्षास 8 लाखांच्या तनख्यावर बिठूरास गेले. 1851 साली ते वारले, तेव्हा त्यांचे दत्तकपुत्र नानासाहेब यांना तो तनखा नाकारण्यात आला. दुसरे अभयपत्रही धन्याबरोबर संपले.

आम्हाला ह्या इतिहासातून एवढेच घ्यावयाचे आहे की, संरक्षणाचे आश्वासन फसवे असण्यासाठी त्यातील शब्द खोटे असावे लागत नाहीत. कशापासून संरक्षण, किती, केव्हा आणि कोणाच्या खिशातून, ही चार कलमे न वाचता माणूस नुसत्या ‘संरक्षण’ ह्या शब्दावर विसंबतो, तेथेच फसवणूक घडते.

आम्ही पंडित नव्हे. शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या पाळीत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. हयात युनियनच्या कामात गेली. मग बँका आणि ठेवी ह्यांच्या नादी आम्ही का लागलो, हे सांगितले पाहिजे. आणि ते सांगताना आमचीच चूक प्रथम कबूल केली पाहिजे.

वीस-बावीस वर्षांपूर्वी वसईच्या पूर्वेकडील एक कारखाना बंद पडला. बरीच भांडाभांड करून आम्ही कामगारांचा हिशेब मिळवून दिला. फंड, ग्रॅच्युइटी आणि नुकसानभरपाई मिळून एकेकाच्या हाती अशी रक्कम आली की जी त्याने आयुष्यात एकदम पाहिली नव्हती आणि पुन्हा पाहावयाचीही नव्हती. ती ठेवावी कोठे? जवळच एक पतपेढी होती. इतरांपेक्षा दोन टक्के व्याज अधिक देत असे. दारावर पाटी होती : ‘शासनमान्य. नोंदणीकृत. लेखापरीक्षण वर्ग अ.’ संचालकांत ओळखीची माणसे होती. आम्ही शेवटच्या गेट मीटिंगमध्ये उभे राहून सांगितले, “सरकारमान्य आहे, आपलीच माणसे आहेत, निर्धास्त ठेवा.” पुष्कळांनी ठेवले. चौथ्या वर्षी पतपेढीने आठवड्याला अमुक एवढेच पैसे मिळतील असे सांगितले, आणि नंतर दार लावले.

त्यातील एक खातेदार, आमच्याहून वयाने मोठे, एका संध्याकाळी घरी आले. रागावले नाहीत. म्हणाले, “भाऊ, मी काही पाटी बघून पैसे ठेवले नाहीत. तुम्ही सांगितलंत म्हणून ठेवले.” त्या दिवसापासून आम्ही ‘मान्य’, ‘नोंदणीकृत’, ‘वर्ग अ’ ह्या शब्दांचा अर्थ शोधू लागलो. जो अर्थ गेट मीटिंगच्या आधी पाहावयास हवा होता, तो नंतर पाहिला.

प्रथम हे स्पष्ट केले पाहिजे की, आम्ही सहकाराचे वैरी नाही. 1875 साली पुणे जिल्ह्यात सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. त्याच वर्षी न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, जिच्या वळणावर आजचा हा उत्सव चालतो. कर्जाने पिचलेल्या माणसाला सावकाराच्या दारातून सोडविण्यासाठी पुढे 1904 साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. आपल्या वसईतही 1918 साली मोन्सिन्योर मोनीस यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांची पतसंस्था उभी राहिली, तीच पुढे बसीन कॅथॉलिक सहकारी बँक झाली. पहाटेच्या गाडीने भाजी-फुलांच्या टोपल्या घेऊन मुंबईस जाणाऱ्या बायका, केळीचे आणि पानवेलीचे बागायतदार, ह्यांना मोठ्या बँकेच्या पायरीवर कोण उभे करीत होते? सहकाराने त्यांना पत दिली, ही गोष्ट लहान नाही. आणि म्हणूनच सहकाराच्या नावाने दिलेल्या आश्वासनाची तपासणी अधिक काळजीने झाली पाहिजे.

फसव्या आश्वासनाची जुनी तऱ्हा पाहू. स्वदेशीच्या चळवळीच्या भरात देशात अनेक बँका निघाल्या आणि 1913 पासून त्यांतील कित्येक कोसळल्या. मुंबईची इंडियन स्पेसी बँक चांदीच्या सट्ट्यात गेली. त्या काळी जाहिरातीत बँका आपले ‘अधिकृत भांडवल’ मोठ्या अक्षरांत छापीत. अधिकृत भांडवल म्हणजे जास्तीत जास्त किती जमविण्याची मुभा आहे तो आकडा. तिजोरीत प्रत्यक्ष आलेले भांडवल त्याच्या काही हिश्शानेच असे. आकडा खरा, आणि त्यापासून होणारा समज खोटा. पुढे 1956 च्या कंपनी कायद्यात असे बंधन होते की, अधिकृत भांडवल छापावयाचे असेल तर वसूल भांडवलही तितक्याच ठळकपणे छापावे. एका ओळीच्या ह्या नियमामागे किती कुटुंबांची पुंजी बुडालेली असेल, ह्याची कल्पना करावी.

त्याच 1956 साली खऱ्या अभयपत्राचाही नमुना आपल्या देशात तयार झाला. चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना आयुर्विम्याचा धंदा सरकारने ताब्यात घेतला आणि आयुर्विमा महामंडळाच्या कायद्यात कलम 37 घालून विम्याची रक्कम व जाहीर झालेला बोनस ह्यांना केंद्र सरकारची हमी दिली. कोण देणार, कशाची देणार, हे कायद्यातच लिहिलेले. हमी म्हणावयाची ती अशी.

बँकेतील ठेवीचे काय? 1960 साली केरळातील पालाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक अशा दोन बँका बुडाल्या. देशभर ठेवीदार घाबरले. संसदेने 1961 साली ठेवविमा महामंडळाचा कायदा केला आणि 1 जानेवारी 1962 पासून ठेवींना विमा मिळाला. अमेरिकेत ही व्यवस्था 1934 साली सुरू झाली होती; देशव्यापी ठेवविमा करणारा आपला देश जगात दुसरा. ही अभिमानाची गोष्ट खरीच. परंतु कलम वाचावे : प्रत्येक ठेवीदारास प्रत्येक बँकेत जास्तीत जास्त 1,500 रुपये.

ही मर्यादा 1968 साली 5,000 झाली, 1970 साली 10,000, 1976 साली 20,000, 1980 साली 30,000 आणि 1993 साली 1 लाख. त्यानंतर सत्तावीस वर्षे ती जागची हलली नाही. ह्या सत्तावीस वर्षांत घरभाडे वाढले, औषधे वाढली, लोकलचा पास वाढला. कामगाराचा हिशेब लाखात मोजण्याचे दिवस आले. विम्याची रक्कम तेवढी तेथेच उभी. बँकेच्या भिंतीवर मात्र ‘ठेवी विमासंरक्षित’ हे दोन शब्द तसेच होते. मर्यादेचा आकडा सांगणारे क्वचित, विचारणारे त्याहून क्वचित.

सहकारी बँकांची गोष्ट थोडी निराळी. 1 मार्च 1966 पासून त्यांच्यावर रिझर्व्ह बँकेची देखरेख आली. 1968 साली ठेवविम्याचा कायदा दुरुस्त होऊन 1971 पासून त्यांच्या ठेवी विम्याखाली येऊ लागल्या. परंतु राखणदार दोन झाले : बँकेच्या व्यवहारापुरती रिझर्व्ह बँक आणि निवडणूक, कारभार वगैरेंसाठी सहकार खाते. दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण येथे अक्षरशः लागू पडली. पहिल्याला वाटे दुसरा पाहतो आहे, दुसऱ्याला वाटे पहिला. हा दुहेरी कारभार आवरण्यासाठी 2020 साली कायदा बदलावा लागला. तो का, हे पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेच्या हकिकतीवरून कळते.

1984 साली मुंबईत शीव येथे निघालेली ही बँक 2019 पर्यंत 137 शाखांची झाली होती. ठेवीदार नऊ लाखांहून अधिक, ठेवी 11,600 कोटींच्या वर. 2018-19 च्या अहवालात सुमारे 100 कोटींचा निव्वळ नफा आणि थकीत कर्जे चार टक्क्यांहून कमी. ह्यापेक्षा चांगले प्रशस्तिपत्र कोणते? आणि 23 सप्टेंबर 2019 रोजी रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले : सहा महिन्यांत एका खातेदारास 1,000 रुपये. बाहेर आले ते असे की, एकूण कर्जांपैकी सुमारे 73 टक्के रक्कम एकाच घरबांधणी समूहाकडे, म्हणजे एचडीआयएलकडे, अडकली होती. ह्या समूहाचे नाव वसई-विरारकरांना नवे नाही. त्याची 44 कर्जखाती झाकण्यासाठी 21,049 बनावट खाती दाखविली, असे पोलिसांकडे दिलेल्या तक्रारीत नमूद आहे.

शाखांच्या दारांवर लोक जमले. त्यांचा प्रश्न एकच होता : “रिझर्व्ह बँकेचा परवाना होता ना?” होता. परंतु परवाना म्हणजे धंदा करण्याची परवानगी. तो ठेवीची हमी नव्हे. “हिशेबतपासणी झाली होती ना?” झाली होती. परंतु तपासनीसाला जे कागद दाखविले त्यांची तपासणी झाली. जे दाखविले नाहीत त्यांची झाली नाही. “विमा होता ना?” तोही होता, पण तेव्हा 1 लाखाचाच. आणि त्यातही एक कलम असे की, बँक अवसायनात निघाली किंवा दुसरीत विलीन झाली म्हणजे विम्याचे पैसे मिळणार. नुसत्या निर्बंधांच्या काळात नाही. म्हणजे बँक धड जिवंत नाही आणि मेलेलीही नाही, अशा अवस्थेत ठेवीदाराने वाट पाहत राहावयाचे. पुण्याच्या रुपी बँकेचे ठेवीदार असे 2013 च्या फेब्रुवारीपासून थांबले. त्या बँकेचा परवाना रद्द झाला 2022 साली.

ठेवीदार रस्त्यावर उतरले, म्हणून काही गोष्टी हलल्या, हे आम्ही चळवळीतील माणूस म्हणून मुद्दाम सांगतो. 4 फेब्रुवारी 2020 पासून विम्याची मर्यादा 5 लाख झाली. 2021 साली कायदा सुधारला आणि निर्बंध लागल्यापासून 90 दिवसांत विम्याची रक्कम मिळावी असे ठरले. पंजाब अँड महाराष्ट्र बँक 25 जानेवारी 2022 रोजी युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. परंतु योजनेची कलमे वाचा : 5 लाखांपर्यंतची रक्कम प्रथम; त्यापुढील पैसे टप्प्याटप्प्याने पाच वर्षांत आणखी 10 लाखांपर्यंत; आणि त्याहूनही उरले तर दहा वर्षांनी. शिवाय 31 मार्च 2021 नंतर पाच वर्षे किरकोळ ठेवीदाराला व्याज नाही. ज्याने साठाव्या वर्षी निवृत्तीचे पैसे ठेवले, त्याला सत्तराव्या वर्षापर्यंत जगण्याची हमी कोणत्या कलमात आहे?

येथे एक आकडा सांगितला पाहिजे, कारण तो आपल्याला फार वेळा ऐकवला जातो. 31 मार्च 2024 रोजी देशातील 97.8 टक्के ठेवखाती पूर्णपणे विम्याच्या मर्यादेत होती. ऐकून समाधान वाटते. परंतु रकमेच्या हिशेबाने पाहिले तर एकूण ठेवींपैकी 43.1 टक्केच विमासंरक्षित होत्या. उरलेल्या दोन टक्क्यांत कोण येतो? धनवान येतो, कंपन्या येतात. परंतु त्यांच्याबरोबर आयुष्यात एकदाच मोठी रक्कम पाहिलेला निवृत्त कामगार येतो, वाडी विकून आलेले पैसे ठेवणारा शेतकरी येतो. धनवानाच्या दहा ठिकाणी ठेवी असतात. आमच्या माणसाची सगळी शिदोरी एकाच फडक्यात बांधलेली असते.

आणि ज्यांना विमा मुळीच नाही, त्यांचे काय? सहकारी पतसंस्था, पतपेढ्या ह्यांच्या ठेवींना ठेवविमा महामंडळाचे संरक्षण नाही, कधीही नव्हते. काही संस्था आपल्या नावातच ‘बँक’ हा शब्द घालीत, तेव्हा रिझर्व्ह बँकेने 2021 च्या नोव्हेंबरात जाहीर इशारा दिला की, अशा संस्थांना परवाना नाही आणि त्यांच्या ठेवींना विमाही नाही. आमच्या त्या पतपेढीच्या पाटीवरील शब्द आता पुन्हा पाहा. ‘शासनमान्य’ म्हणजे निबंधकाकडे नोंद झालेली. ‘लेखापरीक्षण वर्ग अ’ म्हणजे गेल्या वर्षीच्या कागदांवर मिळालेला शेरा. ह्यांपैकी एकही शब्द असे म्हणत नाही की, पैसे बुडाले तर अमुक माणूस ते भरून देईल. आम्ही मात्र गेट मीटिंगमध्ये तेच म्हटले होते.

आमच्या कामगार चळवळीनेही बँक काढली होती. 1968 साली जॉर्ज फर्नांडिस यांनी बॉम्बे लेबर को-ऑपरेटिव्ह बँक स्थापिली. तिचे नाव पुढे न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँक झाले. 13 फेब्रुवारी 2025 रोजी तिच्यावर निर्बंध लागले, तिजोरीतील 122 कोटी रुपयांच्या अपहाराची तक्रार झाली, आणि त्याच वर्षी 4 ऑगस्टपासून ती सारस्वत बँकेत विलीन झाली. येथे ठेवीदार तगले. सहकारानेच सहकाराला सावरले. परंतु ‘आपली बँक’ हा शब्दही हमी नव्हे, हे त्या सहा महिन्यांनी शिकविले. नाव कोणाचे आहे, संस्थापक कोण होता, ह्यावर तिजोरीची किल्ली चालत नाही.

वसईकरांना हाच धडा घरांच्या बाबतीतही मिळाला आहे. नालासोपाऱ्याच्या अगरवाल नगरीतील राखीव जागेवरच्या 41 अनधिकृत इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशाने पाडल्या गेल्या. 2025 च्या फेब्रुवारीत ते काम पुरे झाले आणि शेकडो संसार उघड्यावर आले. घरपट्टीची पावती म्हणजे इमारत अधिकृत असल्याचा दाखला नव्हे. दस्ताची नोंदणी म्हणजे बांधकामाची परवानगी नव्हे. शिक्का खरा असतो. तो कशावर मारला आहे हे पाहावे लागते.

कोणी म्हणेल, मग लोकांना खरे सांगावे. सांगितले की काय होते तेही पाहा. विम्याच्या मर्यादेची माहिती पासबुकावर द्यावी, अशी सूचना रिझर्व्ह बँकेने 2017 साली बँकांना दिली. 2019 साली पंजाब अँड महाराष्ट्र बँकेच्या गडबडीत एका मोठ्या बँकेच्या पासबुकावरील तो शिक्का लोकांच्या हाती फिरला आणि ही बँकही बुडणार की काय, अशी घबराट उडाली! जे कलम 1993 पासून लागू होते ते वाचून लोक दचकले. इतकी वर्षे आपण कोणत्या भरवशावर झोपलो होतो, हे त्या शिक्क्याने कळले. खरे ऐकण्याची सवय नसलेल्या माणसाला खरेच भीतिदायक वाटते. ही सवय लावणे हे अशा व्याख्यानमालांचे काम आहे, असे आम्ही मानतो.

तेव्हा श्रोतेहो, उपदेश करण्याचा अधिकार आम्ही त्या गेट मीटिंगमध्ये गमावला आहे. चार प्रश्न तेवढे तुमच्यापुढे ठेवतो. ज्या दारात पैसे ठेवणार तेथे विचारावे : ही बँक आहे की पतसंस्था? ठेवविमा आहे काय? असल्यास मुद्दल आणि व्याज मिळून, सर्व शाखांतील माझ्या सर्व खात्यांचे एकत्र किती? आणि दोन टक्के अधिक व्याज तुम्ही देता ते कोणाला कर्ज देऊन मिळवता? शेवटच्या प्रश्नावर जो व्यवस्थापक रागावेल, त्याचे उत्तर मिळाले असे समजावे. आणि आमच्यासारखा कोणी पुढारी ‘निर्धास्त ठेवा’ म्हणाला, तर त्यालाही विचारावे की, बुडाले तर तुम्ही भरून देणार काय?

ते वडीलधारे खातेदार आता हयात नाहीत. त्यांच्या ठेवीपैकी काही रक्कम वसुलीतून हप्त्याहप्त्याने आली. पुरी आली नाही. शेवटच्या हप्त्याच्या अर्जावर आम्ही त्यांच्याबरोबर कचेरीत गेलो होतो. अर्ज कारकुनाकडे देण्याआधी त्यांनी चष्मा लावला आणि मागची बारीक अक्षरेही सावकाश, ओळीवर बोट ठेवून वाचली. मागे रांग खोळंबली होती. कोणीतरी म्हणाले, “काका, सही करा की लवकर.” ते वाचीत राहिले. आम्हीही त्यांच्याबरोबर वाचले.